पन्नास वाक्यांची भाषा

दिल्लीत ‘चिनी शिकते आहे’ असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘मग नोकरी कुठे, नोएडाला की गुडगावला?’ प्रश्न वावगा नाही. ग्रेटर नोएडात विवो आणि ओप्पो या कंपन्यांचे फोनचे कारखाने आहेत, तिथे दुभाषे लागतात आणि चार पैसे बरे मिळतात. माझी तक्रार नोकरीबद्दल नाही, ‘चिनी’ या शब्दाबद्दल आहे. जेएनयू असो की दिल्ली विद्यापीठ, तिथल्या अभ्यासक्रमात चिनी म्हणजे मँडरिन, बीजिंगच्या सरकारनं प्रमाण ठरवलेली भाषा. कँटनीजचं नाव काढलं की दोन उत्तरं मिळतात. पहिलं प्राध्यापकी : ‘ती बोली आहे हो. आधी भाषा शिका, मग बोलीचं बघू.’ दुसरं बाजारी : ‘हाँगकाँगला जायचंय ना? रोजच्या वापराची पन्नास वाक्यं पाठ करा, काम भागतं.’

एक उत्तर विद्यापीठातून येतं, दुसरं प्रवाशांच्या खिशातल्या पुस्तिकेतून. दोन्हींच्या मुळाशी समजूत मात्र एकच आहे : माणसं घरात, बाजारात, बसमध्ये जे बोलतात ती खरी भाषा नव्हे, भाषेच्या अंगणातला पाचोळा आहे. विद्वान तो झाडून टाकतो आणि दुकानदार त्याच्याच पुड्या बांधून विकतो. हा लेख या समजुतीविरुद्ध आहे.

आधी थोडी मोजदाद. कँटनीज आणि तिच्या जवळच्या भाषांचा जो गट आहे, तो बोलणारे लोक सुमारे आठ कोटी. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारेही आठ कोटींच्या थोडे वरच होते. म्हणजे ज्या भाषेला ‘बोली’ म्हणून बाजूला सारलं जातं, ती आपल्याच मापाची आहे. हाँगकाँगमध्ये दहापैकी जवळजवळ नऊ माणसं घरात कँटनीजच बोलतात. बीजिंगचा माणूस आणि हाँगकाँगचा माणूस आपापल्या भाषेत बोलू लागले तर एकमेकांचं त्यांना कळत नाही. अशा वेळेसाठी कँटनीजमध्येच एक म्हण आहे : कोंबडी बदकाशी बोलते. दोघींनाही चोच आहे, दोघीही बोलतायत, पण उमगत काहीच नाही. तरीही या दोन भाषांना एकीच्या पोटातली दुसरी म्हणायचं, कारण लिपी सामायिक आहे आणि सत्ता एका बाजूला आहे.

लिपीचा मुद्दा नीट पाहायला हवा, कारण इथेच भल्याभल्यांची गफलत होते. हाँगकाँगची मुलं शाळेत प्रमाण लेखी चिनी वाचतात, पण उच्चार कँटनीज करतात. ‘तो नाही’ अशा अर्थाचं वाक्य पुस्तकात असेल तर ‘था पात् सी’ असं वाचतात. तेच मूल सुटीत मैत्रिणीशी बोलताना ‘खॉय् म् हाइ’ म्हणतं. एकही शब्द सारखा नाही. आपल्याकडे ‘तिने सांगितले’ आणि ‘तिनं सांगितलं’ एवढ्या फरकावरून अजून वाद झडतात. तिथे तर सर्वनाम, नकार आणि क्रियापद तिन्ही वेगळी. दुसऱ्या वाक्याला कित्येक दशकं पाठ्यपुस्तकात जागा नव्हती. जाहिरातींनी, गॉसिप छापणाऱ्या मासिकांनी आणि आता फोनवरच्या निरोपांनी ते लिहायला सुरुवात केली, त्यासाठी वेगळी चिन्हं रुळवली. एवढं होऊनही आपल्या वर्गात त्याला ‘अशुद्ध’ म्हणायचं हे तर हद्द झाली.

आता त्या पन्नास वाक्यांकडे येऊ. कुठल्याही पुस्तिकेचं पहिलं पान उघडलं की ‘थँक यू’ असतं आणि समोर दोन शब्द : ‘म्-कॉय्’ आणि ‘तॉ-चे’. ‘दोन्ही आभारासाठी, पहिला सेवेसाठी, दुसरा भेटीसाठी’ एवढी टीप दिली की पुस्तिकेची जबाबदारी संपली. पण माणूस रस्त्यावर उतरला की त्याला दिसतं, गर्दीतून वाट काढणारी बाई ‘म्-कॉय्’ म्हणते, वेटरला हाक मारणारा ‘म्-कॉय्’ म्हणतो, मिनीबसमधून उतरू पाहणारा ड्रायव्हरला ‘म्-कॉय्’ म्हणूनच थांबवतो. हे कुठले आभार? इंग्रजीला इथे तीन शब्द लागतात : प्लीज, थँक यू, एक्स्क्यूज मी. मराठीला लागत नाहीत. ‘म्-कॉय्’चा शब्दशः अर्थ ‘असं करायला नको होतं’ असा काहीसा आहे, आणि आपल्या घरी कुणी पाण्याचा तांब्या आणून दिला की आजी काय म्हणते? ‘कशाला उगाच त्रास घेतलास!’ तेच ते. विनंतीच्या वेळी तोच शब्द आपल्या ‘जरा’चं काम करतो : ‘जरा सरकता का?’, ‘जरा इकडे बघता?’ उलट कुणी भेटवस्तू दिली, कौतुक केलं, की तिथे ‘तॉ-चे’. आहेर घेऊन आलेल्या पाहुण्याला आपण ‘जरा’ म्हणत नाही, तसंच.

हे मराठीतून पाहिलं की एका मिनिटात कळतं. इंग्रजीतून पाहिलं की ते ‘कँटनीजमधले दोन प्रकारचे आभार’ असं एक कोडं होऊन बसतं. आपण मात्र हे कोडं विकत घेऊन शिकतो.

‘सिक् चॉ फान् मेइ आ?’ म्हणजे ‘जेवलात का?’ पुस्तिका सांगते की ही अभिवादनाची पद्धत आहे, तिचा अर्थ ‘हाउ आर यू’ असा घ्यावा. कशाला घ्यावा? दुपारी ओट्यावर बसलेल्या माणसाला ‘काय, जेवणं झाली का?’ विचारणाऱ्या कुठल्याही मराठी गावात हे वाक्य जसंच्या तसं चालेल. नोकरीवरून काढून टाकण्याला कँटनीजमध्ये ‘स्क्विड तळणं’ म्हणतात. तव्यावर तो मासा गुंडाळला जातो, तशी कामावरच्या माणसाची वळकटी गुंडाळली जाते, अशी त्याची फोड सांगतात. पुस्तिकेत त्याखाली दोन ओळींची गमतीदार टीप असते. मराठीत टीप लागत नाही, ‘नारळ दिला’ म्हटलं की झालं. नारळ आणि स्क्विड, दोन्ही किनारपट्टीवरचेच.

आणि जे या पुस्तिकांत सहसा नसतंच, ते खरं मर्म आहे. कँटनीज वाक्याच्या शेवटी येणारे एकेका अक्षराचे शब्द. असे शब्द डझनांनी आहेत आणि वाक्याचा सगळा भाव त्यांच्यावर तोललेला असतो. ‘मे’ लावलं की वाक्याला ‘की काय?’चा सूर येतो. ‘क्वा’ लावलं की ‘असेल बहुतेक’. ‘चे’ लावलं की ‘एवढंच हं’. आणि खालून वर चढणाऱ्या सुरातलं ‘वॉ’ लावलं की बोलणारा सांगतो : हे माझं म्हणणं नाही, मी ऐकलेलं पुढे सांगतोय. मराठीत त्याला एक नेमका शब्द आहे, ‘म्हणे’. ‘तो येत नाही म्हणे.’ या ‘म्हणे’त किती गोष्टी आहेत! निरोप आहे, निरोपावरचा अविश्वास आहे, वेळप्रसंगी हात झटकायची सोयही आहे. इंग्रजीला यासाठी ‘ही सेज ही इज नॉट कमिंग’ असं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

हे कागदी मुद्दे नाहीत. मी अनुवादक आहे. काही वर्षांपूर्वी गुडगावच्या एका एजन्सीनं हाँगकाँगच्या एका चित्रपटाचे संवाद मराठीत करायला दिले आणि हातात ठेवली ती इंग्रजी सबटायटलांची यादी. मूळ कँटनीज संवाद मागितले तर उत्तर आलं, ‘मॅडम, इंग्लिश है ना, और क्या चाहिए?’ त्या यादीत ‘म्हणे’ नव्हता, ‘की काय’ नव्हता, ‘एवढंच हं’ नव्हता. सासू, भाडेकरू, पोलीस आणि चोर सगळे एकाच सपाट इंग्रजीत बोलत होते. वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये घरमालकीण शांघायची भाषा बोलते आणि नायक-नायिका कँटनीज. त्या घरात कोण कुठून आलंय हे त्यावरून कळतं, आणि सबटायटलांत नेमकं तेच पुसलं जातं. मराठी वाचकाला आणि प्रेक्षकाला ‘चिनी’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा असं इंग्रजीच्या इस्त्रीखालून आलेलं असतं. एका बोलक्या भाषेतून दुसऱ्या बोलक्या भाषेत जायला मध्ये तिसरीचं सदरा-टाय कशाला?

उच्चारांचंही तेच. शिकण्याची पुस्तकं रोमन लिपीत असतात. रोमन लिपीतला ‘जी’ बघून हिंदी-मराठी माणूस ‘ग’ म्हणतो, पण कँटनीजमध्ये तिथे ‘क’ असतो, आणि ‘के’ लिहिलेलं असतं तिथे ‘ख’. प-फ, त-थ, क-ख हा जो भेद आपल्याकडे लहान मूल पाटीवर गिरवतं, तोच कँटनीजचा कणा आहे. फक्त तिचा ‘फान्’मधला ‘फ’ ओठ-दातांचा आहे, तेवढं लक्षात ठेवावं. तिचा ‘च’ तर हिंदीत नाहीच, तो आपल्या ‘चोर’ आणि ‘चूल’मधला आहे, ‘चार’ आणि ‘चिंच’मधला नव्हे. मराठी माणसाच्या जिभेवर जे आयतं आहे ते देवनागरीत लिहायचं सोडून आपण रोमनमध्ये लिहितो, मग चुकीचं वाचतो आणि शेवटी ‘चिनी उच्चार फार अवघड’ म्हणतो. सहा सूर अवघड आहेत, हे कबूल. ‘सी’ हा एकच ध्वनी सहा सुरांत म्हटला की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार आणि गोष्ट असे सहा अर्थ निघतात. हे देवनागरीतही दाखवता येत नाही, वर आकडे घालावे लागतात आणि कानाला शिकवावं लागतं. पण कानाला शिकवायचं तर आधी कुणी तरी बोलायला हवं, आणि आपल्या वर्गात बोलण्याला जागाच नाही.

असं का झालं? मराठी माणसाचा चिनीशी संबंध काही आजचा नाही. पुण्याच्या पु. वि. बापटांनी १९३७ साली पाली ‘विसुद्धिमग्ग’ आणि चिनी अनुवादात टिकलेला ‘विमुत्तिमग्ग’ हे ग्रंथ ताडून पाहिले. हे अजोड काम आहे, पण ते शतकानुशतकं जुन्या लिखित पानाशी केलेलं. १९५४ साली नेहरू बीजिंगला गेले तेव्हा माओंशी बोलताना दुभाषे होते वसंत परांजपे. तेही मोठंच काम, पण दोन सरकारांमधलं. मग आली तिसरी वाट, नोएडाची, कंपन्यांमधली. ग्रंथासाठी चिनी, सरकारासाठी चिनी, पगारासाठी चिनी. शेजाऱ्यासाठी मात्र नाही. आणि शेजार तर आपल्या मुंबईतच होता. माझगावात १९१९ साली बांधलेलं एक चिनी देऊळ आजही उभं आहे, ‘सी यूप कून’. नावाचा अर्थ चार परगण्यांची मंडळी. हे चार परगणे ग्वांगडोंग प्रांतातले, कँटनच्या नैऋत्येचे. कँटनीजच्याच कुळातली भाषा बोलणारे दर्यावर्दी लोक गोदीत आले आणि त्यांनी ते उभारलं. त्याच परगण्यांच्या बोलीतून जगभर गेलेला ‘चॉप सुई’ हा शब्द दिल्लीच्या प्रत्येक चायनीज हॉटेलात ‘अमेरिकन’ विशेषण लावून मिळतो. गुडगावच्या मॉलमधलं ‘डिमसम’ कँटनीज, ‘वॉक’ नावाची कढई कँटनीज. जिभेला चालते, अभ्यासक्रमाला चालत नाही.

माझ्या विरोधकांचा सर्वांत जोरदार मुद्दा व्यवहाराचा आहे, आणि तो टाळायचं कारण नाही. ते म्हणतात, जागा मोजक्या, शिक्षक मोजके, मुलांना पोट आहे. मँडरिननं नोकरी मिळते, कँटनीजनं नाही. विवो आणि ओप्पोची मुळं ग्वांगडोंगमधल्याच डोंगग्वान शहरातली, पण तिथल्या कारखान्यांतही देशभरातून आलेले कामगार मँडरिनच बोलतात. खरं आहे. मी कुणाला मँडरिन सोडा असं सांगत नाही. पण ज्या नोकरीच्या आणि सरकारच्या भरवशावर आपण भाषा निवडतो, तो भरवसा किती दिवसांचा? २०१९च्या नव्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परकीय भाषांची उदाहरणं होती, त्यांत चिनी होती. जून २०२०मध्ये गलवान घडलं. जुलैत अंतिम धोरण आलं, त्यात कोरियन, जपानी, थाई होत्या आणि चिनी गायब. शंभर कोटींहून अधिक लोकांची भाषा महिन्याभरात यादीतून गेली. भाषा जर सरकारी शिक्क्यानं मोठी होत असेल, तर ती शिक्क्यानंच पुसलीही जाते. मग मँडरिनवाल्यांनी तरी कँटनीजकडे ‘शिक्का नसलेली’ म्हणून बघू नये.

दुसरा एक बचाव कँटनीजचे पाठीराखेच करतात, आणि तो मला तितकाच खटकतो. ते म्हणतात, आमची भाषा जुनी आहे. थांग राजवटीतल्या कवितांची यमकं मँडरिनमध्ये जिथे विस्कटतात तिथे कँटनीजमध्ये जुळतात, शब्दांच्या शेवटचे प्, त्, क् आम्ही जपले. यातलं बरंचसं खरं आहे. पण जुनं आहे म्हणून ती जगावी, हा कसला न्याय? आपण मराठी लोकांनी हा युक्तिवाद नुकताच मनसोक्त चघळला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, फेब्रुवारी २०२५मध्ये इथे दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर साहित्य संमेलन भरलं. आनंद मलाही झाला. पण भाजीवालीशी घासाघीस करताना कुणी गाथासप्तशतीचा दाखला काढत नाही. भाषा टिकते ती त्या घासाघिशीत. तिचं वय दोन हजार असो की दोनशे.

आणि ‘ती भाषा नव्हे, बोली आहे’ हे वाक्य बीजिंगचंच आहे असं समजून मराठी वाचकानं सुस्कारा सोडू नये. याच दिल्लीत, रवींद्र भवनातल्या साहित्य अकादमीनं १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, तेव्हा कोकणी ही मराठीचीच बोली असं ठासून सांगणारे आपणच होतो. १९९२ साली ती आठव्या अनुसूचीत गेली तरी ती कुरकुर अजून ऐकू येते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांना आपण विनोदी पात्राच्या तोंडी देतो, टाळ्या घेतो आणि अग्रलेख प्रमाण भाषेत लिहितो. कँटनीजच्या बाबतीत बीजिंग ज्या खुर्चीत बसलं आहे, तिच्याच धाकट्या आवृत्तीत आपण बसून आलो आहोत. म्हणून हा प्रश्न मराठी पानावर मांडावासा वाटतो.

खुर्चीतल्या माणसानं मनावर घेतलं की काय होतं तेही पाहावं. २०१०च्या जुलैत ग्वांगझूमध्ये, म्हणजे जुन्या कँटनमध्ये, आशियाई खेळांच्या निमित्तानं स्थानिक दूरचित्रवाणीनं कँटनीज कमी करून मँडरिनकडे वळावं अशी सूचना एका राजकीय सल्लागार मंडळाकडून आली. शहरातले लोक आपल्या भाषेसाठी रस्त्यावर उतरले. पुढे हाँगकाँगमध्ये कँटनीजच्या जतनासाठी काम करणारी ‘कॉंग-यू-हॉक्’ ही संस्था ऑगस्ट २०२३मध्ये बंद झाली. तिनं काही वर्षांपूर्वी घेतलेल्या लेखनस्पर्धेतली एक कथा राष्ट्रीय सुरक्षेच्या पोलिसांना खटकली होती, संस्थापकाच्या जुन्या घराची झडती झाली होती. एक कथा, स्पर्धेतली. बोलभाषा जर नुसता पाचोळा असती, तर तिच्यासाठी पोलीस पाठवायची गरज पडली नसती.

मग करायचं काय? माझ्या मागण्या फार नाहीत. दिल्लीच्या चिनी विभागांनी पदव्युत्तर वर्गात एका सत्राचा, ऐच्छिक का होईना, कँटनीजचा पेपर ठेवावा आणि त्याची सुरुवात बोलण्यापासून करावी. चिनी साहित्य किंवा चित्रपट मराठीत आणणाऱ्यांनी मूळ भाषा कोणती हे पहिल्या पानावर लिहावं : मँडरिन, कँटनीज, शांघायी, की इंग्रजीवरून. वाचकाला तो हक्क आहे. आणि रोजच्या वापराच्या वाक्यांचं पुस्तक करायचंच असेल, तर ते कुणी तरी सरळ मराठीतून करावं, देवनागरीत, आणि वाक्यासमोर अर्थ न लिहिता प्रसंग लिहावा : हे कोण कुणाला म्हणतं, कोणत्या वयात, केव्हा म्हणत नाही.

हे अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी विवेक महबुबानी यांचा कँटनीजमधला कार्यक्रम पाहावा. भारतीय वंशाचा हा हाँगकाँगकर त्या भाषेत स्टँड-अप करतो आणि लोक पोट धरून हसतात. विनोद पन्नास वाक्यांत होत नाही. विनोदाला ‘म्हणे’ लागतो, ‘की काय’ लागतो, कुठे ‘म्-कॉय्’ म्हणायचं आणि कुठे मुद्दाम म्हणायचं नाही याची जाण लागते. ही जाण शिकवायला जो अभ्यासक्रम नकार देतो, तो भाषा शिकवत नाही, परवाना देतो. आणि मराठी अनुवादकानं परवान्यावर समाधान मानायचं ठरवलं, तर आपल्या वाचकाला चीनमधलं माणूस कधीच भेटणार नाही, फक्त त्याचं ओळखपत्र दिसेल.